मागे कोणी नाही

डोंबिवलीची थंडी जेमतेम दोन आठवड्यांची. तेवढ्यात आम्ही सगळी हौस भागवून घेतो. वर्षभर घामाने निथळणारी माणसं एकदम माकडटोप्या घालून दूध आणायला निघतात. मंडईत वालाच्या शेंगा हातात घेऊन "यंदा बरी पडली हो" म्हणतात, तेव्हा ते शेंगांबद्दल बोलत नसतात, थंडीबद्दल बोलत असतात. पुण्याचा माझा भाऊ फोनवर हसतो. "तुमची थंडी म्हणजे पंखा एक नंबरवर," म्हणतो. हसू दे बापडा.

मला मात्र या दोन आठवड्यांची भीती वाटते. माझी सकाळची शाळा. साडेसहाला बाहेर पडते तेव्हा खाडीकडून आलेलं धुकं गल्लीत उतरलेलं असतं. समोरच्या इमारतीचे वरचे मजले नाहीसे झालेले असतात. दूधवाल्याची सायकल दिसायच्या आधी ऐकू येते. अशा सकाळी मी फाटकाशी थांबून मागे वळून बघते. दहा पावलं गेल्यावर पुन्हा बघते. कोपऱ्यावर तिसऱ्यांदा. शाळेतल्या मैत्रिणींना ही सवय पाठ झाली आहे. "विजयाबाई, गॅस चालू राहिला वाटतं?" असं चिडवतात. मी हो म्हणते. गॅसची काळजी कोणालाही पटते.

वर्गातही तेच. हजेरी घेते, शेवटची मुलगी "हजर" म्हणते, आणि मी पेनाला टोपण लावत नाही. जरा थांबते. मुलींना वाटतं, बाई काहीतरी बोलणार. बहुतेक दिवशी काही होत नाही. थंडीत कधीतरी मात्र शेवटच्या बाकामागून, जिथे फक्त नकाशांच्या गुंडाळ्या उभ्या केलेल्या आहेत, कुणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटतं. बोलायच्या आधी घेतात तसा. मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मी व्याकरण शिकवते. पण तो श्वास ऐकू येतो, त्याला मी काय करू?

हे लिहायला बसले ती मेधाच्या फोनमुळे. मेधा ही अनूताईंची भाची. आणि अनूताई कोण, हे आता डोंबिवलीतसुद्धा सांगावं लागतं.

अनूताई मी शिकत होते त्या शाळेत शिवण शिकवायच्या. कोकणातून एकट्या आलेल्या, लग्न न केलेल्या, पदराला कायम दोन सुया टोचलेल्या. तेव्हा स्टेशनपासून लांबच्या वस्त्यांकडे जाताना मध्ये भाताची शेतं लागायची. हिवाळ्यात दुपारची शाळा सुटेपर्यंत अंधारून यायचं. एका मुलीने शाळा सोडली. कारण विचारलं तर तिची आई म्हणाली, "वाट एकटीची आहे हो बाई." ताईंनी त्यावर भाषण केलं नाही. त्यांनी त्या मुलीला परत शाळेत आणलं आणि संध्याकाळी छत्री घेऊन स्वतः घरी सोडायला गेल्या. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी बरोबर आल्या. महिन्याभरात रांग झाली. त्या रांगेचं नाव पडलं 'सोबत'.

बघता बघता कल्याणला रांग, ठाण्याला रांग, आंबिवलीला, बाळकुमच्या शेतांमधून रांग. मोठ्या मुली लहान मुलींना पोचवायच्या. रविवारी मैदानावर जमून सायकल शिकायची, पंक्चर काढायचं, अर्ज लिहायचा, मोठ्याने बोलायचं. मोठ्याने बोलायला शिकवणारी बाई आमच्यापैकी कित्येकींनी तोवर पाहिलीच नव्हती. काही घरांतून कुरकुर झाली. एका सभ्य गृहस्थांनी ताईंना रस्त्यात अडवून विचारलं, "पोरींची ही पलटण कशाला काढलीत?" ताई म्हणाल्या, "तुमची मुलगी सुखरूप घरी पोचते ना? मग पलटण म्हणा, वरात म्हणा, काहीही म्हणा."

'सोबत'चे नियम थोडेच होते. प्रत्येकीला एक नंबर. ताई तो पोलक्याच्या कॉलरला आतून लाल दोऱ्याने भरून द्यायच्या. माझा तेवीस. निघण्याआधी मोजणी व्हायची. जी हजर असेल ती आपला नंबर ओरडायची. जी आधीच निघून गेली असेल तिच्याबद्दल शेजारची सांगायची, "नऊ पुढे." आणि सगळ्यांत शेवटी असलेली मुलगी मागे वळून, नीट बघून म्हणायची, "मागे कोणी नाही." हे तीन शब्द ऐकल्याशिवाय ताई पाऊल उचलत नसत.

आणखी एक नियम होता, तो खरं तर ताईंच्या आईचा. निघताना 'जाते' म्हणायचं नाही. 'येते' म्हणायचं. हे आपण सगळेच म्हणतो, त्यात नवल नाही. पण ताईंचा त्यावर भारी कटाक्ष होता. दारातून एखादी "जाते हं ताई" म्हणाली की तिला परत बोलवायच्या, उंबऱ्याच्या आत उभं करायच्या आणि "काय म्हणायचं?" असं विचारायच्या. "येते," म्हटलं की सुटका. जाणाऱ्या माणसाने मागे काहीतरी ठेवून जावं, निदान एक शब्द, असं त्या म्हणायच्या.

आता मी सातवीच्या वर्गाला हेच शिकवते. 'येते' आणि 'येतेय' यांतला फरक. 'येते' म्हणजे निरोप असू शकतो, 'येतेय' म्हणजे वाटेत आहे. मुलींना गंमत वाटते. एकीने विचारलं, "मग बाई, नुसतं 'येते' म्हटलं तर समोरच्याला कळणार कसं, ती निघालीय की पोचतेय?" मी फळा पुसायला लागले. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

मेधाचा फोन आला तेव्हा मी शेंगा सोलत होते.

"विजूताई का? तुम्ही मला ओळखणार नाही. मी अनूमावशीची भाची. ती आता आमच्याकडे असते, बाळकुमला." मग जरा थांबून, "तिला हल्ली फारसं काही आठवत नाही. माझं नावही विसरते. पण थंडी सुरू झाल्यापासून रोज दिवेलागणीला मोजायला बसते. एक, दोन, तीन. प्रत्येक आकड्यानंतर थांबते, मान हलवते. बावीसपर्यंत जाते आणि मग तेविसाला अडकते. तेवीस, तेवीस, तेवीस. त्या नादात जेवतच नाही हो. तिच्या पेटीत जुनी यादी सापडली. तेविसापुढे तुमचं नाव आहे. शाळेतून नंबर मिळवला तुमचा. एकदा येऊन जाल का?"

"पेपर तपासायचे आहेत," मी म्हटलं. खोटं बोलले. पेपर तपासून कपाटात ठेवले होते. आठ दिवस मी रोज संध्याकाळी दिवा लावताना बाळकुमच्या त्या न पाहिलेल्या खोलीत माझा नंबर पुकारला जातोय असं मनात ऐकत होते, आणि रोज शेंगांची आमटी करून जेवत होते.

त्या वर्षी आमच्या रांगेचं हिवाळी शिबिर खडवलीला होतं. मी आठवीत होते.

खडवली म्हटलं की मला आधी वास येतो. पेंढ्याचा, चुलीच्या धुराचा, आणि नदीवर घासलेल्या भांड्यांवरच्या ओल्या राखेचा. आम्ही एका शाळेच्या पडवीत उतरलो होतो. पहाटे भातसा नदीवरून धुकं उठायचं आणि सरळ आमच्या अंथरुणांपर्यंत यायचं. उठून बसलं की शेजारची दिसायची, तिच्या पलीकडची नाही. ताई त्या पांढऱ्यातून हाका मारायच्या आणि आमचे आवाज कुठून कुठून यायचे. एक. दोन. तीन. चेहरे नसलेले आकडे. सात नंबर नेहमी उशिरा बोलायची, अर्धवट झोपेत. अकरा नंबरला हसू यायचं. मला ते फार आवडायचं. धुक्यात आपण कुणीच नाही, फक्त आपला आकडा आहे, आणि तेवढ्यावर कुणीतरी आपली वाट बघतंय.

चोवीस नंबर नंदाचा. आंबिवलीजवळच्या गावातली, मामाकडे राहून आमच्या शाळेत शिकणारी, पाचवीतली, रांगेत नवी. तीच शेवटची, म्हणून 'मागे कोणी नाही' म्हणायचा मान तिचा. ती तो इतक्या निष्ठेने पाळायची की हसू यायचं. टाचांवर गर्रकन वळायची, कपाळावर हात धरायची, झाडांकडे बघायची, मग आभाळाकडेसुद्धा बघायची. "वर कशाला बघतेस गं?" मी विचारलं. "वर पन कुनी रायला नको ना," ती म्हणाली.

फक्त एक गोष्ट तिला जमत नव्हती. तिच्या घरी सरळ 'जाते' म्हणायचे. त्यात कुणाला अशुभ वाटत नसे. पडवीतून नदीवर निघताना ती खुशाल "जाते गो" असं ओरडायची आणि ताई तिला परत बोलवायच्या. "काय म्हणायचं, नंदा?" नंदा ओठ मुडपून हसायची. "येते." दिवसातून पाच-पाच वेळा. आम्ही पण तिला चिडवायचो. तिसऱ्या दिवशी मीच तिला आडोशाला नेऊन दहा वेळा घोकून घेतलं. येते गं. येते गं. येते गं.

मी घोकून घेतलं. हे वाक्य मी कितीदा लिहून खोडलं आहे. आज राहू दे.

त्या संध्याकाळी आम्ही भांडी घासायला नदीवर गेलो होतो. पिठलं-भाताची पाळी असलेल्या आठ जणी कामं आटपून आधीच वर निघाल्या होत्या. वाट करंजाच्या झाडांमधून वळते, तिथे त्यांची पाठ दिसत होती. सूर्य गेला होता, उजेड होता. पाण्यावर धुरासारखं काहीतरी जमायला लागलं होतं. ताई पुढे उभ्या राहिल्या. मोजणी सुरू झाली. मी एकीकडे तांब्यांची चळत सावरत होते. थंडीने बोटं आखडली होती. मला चुलीशी जायचं होतं, बाकी काही नाही.

बाविसावा नंबर झाला. "तेवीस," मी म्हटलं. पुढचा आवाज आला नाही. मी वळायच्या बेतात होते, एवढ्यात झाडांच्या बाजूने, खालून की वरून ते कळलं नाही, स्वच्छ हाक आली.

"येते गं!"

मला वाटलं, चुलीजवळ बसायला मिळावं म्हणून ही स्वयंपाकवाल्यांबरोबर पळाली, आणि जाता जाता निरोप देतेय. शिकवल्यासारखा, अगदी बरोबर. मला हसूसुद्धा आलं.

"चोवीस पुढे," मी म्हटलं. मग शेवटची मीच उरले होते, म्हणून चळत हनुवटीने दाबून धरत, मागे न बघता म्हटलं, "मागे कोणी नाही."

ताईंनी पाऊल उचललं. रांग निघाली.

पडवीत पोचलो तेव्हा चुलीशी आठ जणी होत्या. नववी नव्हती. पुढचं मी सांगणार नाही, आणि सांगण्यासारखं मला नीट आठवतही नाही. कंदील आठवतात. गावातली माणसं पाण्याच्या कडेने हाका मारत होती ते आठवतं, आणि प्रत्येक हाक पलीकडच्या काठाला लागून परत यायची ते आठवतं. दगडावर तिची ताटली सापडली. अर्धी घासलेली, अर्ध्यावर राख. ती कशासाठी मागे राहिली, पाण्यात कशी गेली, कधीच कळलं नाही. मे महिन्याच्या शिबिरात आम्हाला पोहायला शिकवायचं ठरलं होतं. ती तिसऱ्या दिवशी सापडली, बरीच खाली.

तिची आई शाळेत आली होती. ताईंसमोर उभी राहिली. ओरडली नाही, रडली नाही. "माजी पोर तुमच्या भरवशावर धाडली व्हती, बाय," एवढंच म्हणाली, आणि खाली बसली. ताई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. मी दाराच्या फटीतून बघत होते.

चौकशीला माणसं आली. शेवटची मोजणी कुणी पुरी केली, असं विचारलं. ताई म्हणाल्या, "मी." माझ्याकडे बघितलंही नाही. "शेवटची हाक माझी होती. चूक माझी आहे." मी चौदा वर्षांची होते. मी गप्प राहिले. चौदा वर्षांची मुलगी गप्प राहिली हे मी समजू शकते. त्यानंतरची सगळी वर्षं जी बाई गप्प राहिली, तिला मी समजू शकत नाही.

'सोबत' त्या थंडीतच संपली. कुणी बंद केली नाही. आयांनी एकेक मुलगी काढून घेतली. आधी डोंबिवलीतल्या, मग कल्याणच्या, मग सगळ्याच. रविवारी मैदानावर ताई एकट्या छत्री घेऊन उभ्या असायच्या. दोन रविवार, तीन रविवार. मग त्याही येईनाशा झाल्या. शिवण शिकवत राहिल्या, निवृत्त झाल्या. रस्त्यात समोरून येताना दिसल्या की मी गल्ली बदलायची. लग्न झाल्यावरही बदलायची, नोकरी लागल्यावरही. एकदा बदलायला गल्लीच नव्हती, तेव्हा मी एका दुकानात शिरले आणि नको असलेली चाळण घेऊन बाहेर आले. ती चाळण अजून घरात आहे. तिने मी पीठ कधी चाळलं नाही.

शेवटी एका संध्याकाळी मी बाळकुमला गेले. जिथून बाळकुमची रांग जायची तिथे आता टॉवर आहेत, आणि त्यांच्या मागे खाडी. एकोणिसाव्या मजल्यावर मेधाचं घर. दार तिच्या मुलीने उघडलं. सई, कॉलेजातली, कानात ते पांढरं यंत्र.

"तुम्ही तेवीस नंबर ना?" ती म्हणाली. "या ना. आजी आत आहे. मला ना, खरं सांगू, संध्याकाळी तिच्या रूममध्ये जायला फाटते एकदम."

"सई, भाषा," मेधा आतून म्हणाली.

"अगं खरंच! ती बोलते ना, तेव्हा वाटतं रूम फुल आहे. आपण चुकून कुणाच्या तरी अंगावर बसू."

मेधाने मला चहा दिला, आणि ओट्यावरचं फडकं उचलून दाखवलं. कोपऱ्यात लाल दोऱ्याने चोवीस भरलेलं. मग नॅपकिन, मग उशीचा अभ्रा, मग सईची जुनी ओढणी. सगळ्यांवर चोवीस. टाके वाकडे होत गेलेले, आकडा तोच. "लाल दोरा दिला नाही तर रुसते," मेधा हसून म्हणाली. मला हसता आलं नाही. तेवीस कुठे असेल म्हणून मी सगळ्या कपड्यांवर शोधत होते. कुठेच नव्हता.

ताई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. एवढ्याशा झालेल्या. पदराला दोन सुया मात्र होत्या, आणि मांडीवर एक फडकं. मी पाया पडले. त्यांनी माझ्याकडे एखाद्या नव्या पडद्याकडे बघावं तसं बघितलं. खिडकीबाहेर खाडीवर धुकं जमत होतं आणि एकेक करून पलीकडचे दिवे मिटत होते. मेधाने देवापाशी निरांजन लावलं. तेवढ्यात ताई ताठ बसल्या.

"एक," त्या म्हणाल्या. आवाज म्हातारा नव्हता.

मग थांबल्या. मान हलवली. "दोन." थांबल्या. मला सुरुवातीला ती नुसती शांतता वाटली. पण पाचाच्या पुढे माझ्या लक्षात आलं की प्रत्येक शांतता वेगळ्या लांबीची आहे. सहानंतर लगेच मान हलली. सातानंतर त्या थांबून राहिल्या, अर्धवट झोपेतल्या मुलीला जेवढा वेळ लागतो तेवढ्या, आणि जरा रागावून मान हलवली. अकरानंतर त्यांच्या ओठांवर हसू येऊ लागलं आणि त्यांनी ते दाबलं. त्या शांततांमध्ये मी एकेकीला ओळखत होते. यांतल्या काही जणी आता आज्या झाल्या आहेत, दोघी-तिघी या जगात नाहीत. सगळ्या वेळेवर येत होत्या.

"बावीस." मान हलली. "तेवीस."

सई माझ्या शेजारी उभी होती. तिने कानातलं यंत्र काढलं.

"तेवीस," ताई पुन्हा म्हणाल्या.

"तेवीस," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता पडद्याकडे बघत नव्हत्या. इतकी वर्षं मनात घोकलेली सगळी वाक्यं गेली आणि जे आलं ते शाळकरी पोरीसारखं आलं. "ताई, मी बघितलं नव्हतं. मी मागे बघितलंच नाही. मी खोटं सांगितलं. ती येते म्हणाली, मला वाटलं ती चाललीय. ताई, ती येत होती."

मेधा दारात थबकली. निरांजनाची वात चुरचुरली.

"विजू," ताई म्हणाल्या. माझं नाव त्यांना आठवत होतं. "मीही ऐकलं होतं गं."

"काय?"

"येते गं. मीही ऐकलं. मला वाटलं, शिकली एकदाची पोरगी." त्या हातातल्या फडक्यावरचा लाल आकडा अंगठ्याने चोळत होत्या. "मला आनंद झाला, विजू. मी हसत हसत पुढे चालले. घरच्यासारखं बोलू दिलं असतं, तर थांबा गो म्हणाली असती. मीच तिचा शब्द बदलला."

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. मला इतकी वर्षं वाटत होतं की त्यांनी माझ्यावर पांघरूण घातलं. त्यांनी माझ्यासाठी काही केलं नव्हतं. त्यांनी खरं तेच सांगितलं होतं. आम्ही दोघी एकाच गावात, एकाच हाकेला दोन टोकांनी धरून जगलो, आणि मी गल्ल्या बदलत राहिले. मला त्यांचा राग आला, माझा आला, आणि मग रडूच आलं.

तेव्हा बाहेरून हाक आली. लिफ्टच्या बाजूने, लहान, स्वच्छ.

"येते गं!"

मी डोकं उचललं. सई माझ्या शेजारीच होती, तोंड मिटून. "हे कोण?" ती हळूच म्हणाली. "आपल्या फ्लोअरवर असं कुणीच बोलत नाही. सगळे बाय म्हणतात."

मेधाने जाऊन दार उघडलं, इकडेतिकडे पाहिलं. "कोणी नाही," ती म्हणाली आणि दार लावायला लागली.

"थांब," ताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, मैदानावर बोलायच्या त्या आवाजात, "विजू, तू शेवटची आहेस. तू बघ."

मी उठले. दाराबाहेर लांब पडवीसारखी मोकळी जागा, दोन्ही बाजूंना बंद दारं, चपलांचे कप्पे, एक ट्यूब फडफडत होती. लिफ्टचा आकडा शून्यावर होता. टोकाच्या खिडकीतून धुकं आत आलं होतं आणि फरशीवर गुडघाभर उंचीने हळूहळू इकडे सरकत होतं. ओल्या राखेचा वास आला. मी उजवीकडे बघितलं. डावीकडे बघितलं. मग वरसुद्धा बघितलं. घाई केली नाही. डोळ्यांना पाणी येईपर्यंत बघत राहिले.

मला कोणी दिसलं नाही. पण तेव्हाही, बघितलं असतं तरी, झाडीत मला लगेच कोणी दिसलं नसतं. थांबावं लागलं असतं.

मी दार सताड उघडं ठेवलं आणि आत आले. मेधा काही विचारणार होती, पण तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं नाही. मी ताईंच्या पायाशी बसले.

"येतेय, ताई," मी म्हटलं. "थांबू या."

ताईंनी मान हलवली, आणि भिंतीकडे थोडं सरकून पलंगाच्या कडेला एका लहान मुलीपुरती जागा केली.